तर, तम आणि तारतम्य

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त पंडरी, रायपूर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



हीरक महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी शाळेविषयी गौरवाचे पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते सर्व यथार्थ आहे. संयोजकांनी मला ‘मराठी माध्यम आणि इंग्रजी भाषा’ हा विषय सुचविला. विषय विस्तीर्ण आहे. त्यावर व्यापक विधाने करणे सोपे असते. मात्र अशा विधानांतून श्रोत्यांच्या पदरी फारसे काही पडत नाही. म्हणून त्या विषयाचा एक लहानसा, मुठीत मावेल एवढा भाग मी निवडला आहे : इंग्रजी विशेषणांची तुलनादर्शक रूपे शुद्ध कशी करावीत. ज्याला आपण शाळेत ‘डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन’ म्हणत होतो, तोच हा धडा.

हा धडा निवडण्याचे कारण सांगतो. ‘मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी येत नाही’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो, आणि त्याचा पुरावा म्हणून ज्या चुका दाखविल्या जातात त्यांत ‘मोर बेटर’, ‘मोस्ट टॉलेस्ट’, ‘सीनियर दॅन मी’ या चुका अग्रभागी असतात. या चुका होतात, हे खरे. पण त्या का होतात याचा शोध घेतला, तर असे दिसते की मुलाचे अज्ञान हे त्यांचे मूळ नव्हे. मूल आपल्या भाषेचा एक नियम अत्यंत निष्ठेने पाळत असते. तो नियम इंग्रजीत चालत नाही, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

प्रथम आपला नियम पाहू. मराठीत तुलना करताना विशेषणाला आपण हात लावत नाही. ‘सीता गीतेपेक्षा उंच आहे’, ‘सीता सर्वांत उंच आहे’; दोन्ही वाक्यांत ‘उंच’ हा शब्द जसाच्या तसा आहे. तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’, ‘हून’ किंवा ‘सर्वांत’ हे शब्द वाहतात, आणि ते ज्याच्याशी तुलना करायची त्या नामाला चिकटतात. हिंदीतही हीच व्यवस्था आहे : ‘उससे बड़ा’, ‘सबसे बड़ा’. आणि आपल्या या प्रदेशाची छत्तीसगढी घ्या. ‘छत्तीसगढ़िया सबले बढ़िया’ हे वाक्य येथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्यातला ‘ले’ हा आपल्या ‘हून’चा सख्खा भाऊ. म्हणजे पंडरीत वाढणारे मराठी मूल घरी ‘पेक्षा’ ऐकते, बाजारात ‘से’ ऐकते, अंगणात ‘ले’ ऐकते, आणि तिन्ही भाषा त्याला एकच शिकवण देतात : विशेषण स्थिर ठेव, तुलना बाहेरून कर. अशा मुलाने इंग्रजीत प्रवेश केल्यावर विशेषणाच्या बाहेर ‘मोर’ लावावा, यात नवल ते काय?

याचा अर्थ मराठी विशेषण कधी बदलतच नाही असा नव्हे. ‘मोठा मुलगा’, ‘मोठी मुलगी’, ‘मोठे घर’, ‘मोठ्या घरात’. निदान आकारान्त विशेषणे तरी लिंग, वचन आणि विभक्ती यांप्रमाणे बदलतात. इंग्रजीत ‘बिग’ हा शब्द मुलगा, मुलगी, घर या सर्वांना एकच. पण तुलना आली की तो ‘बिगर’ होतो आणि ‘बिगेस्ट’ होतो. मराठी विशेषण नामाशी जुळवून घेते, तर इंग्रजी विशेषण मापाशी. हे एक वाक्य इयत्ता पाचवीतल्या मुलाला त्याच्या स्वतःच्या भाषेत नीट समजावून दिले, तर या धड्याचा अर्धा भाग तेथेच संपतो.

आता इंग्रजीचा नियम पाहू. येथे शब्दाची लांबी निर्णायक ठरते, आणि लांबी म्हणजे लिहिलेल्या अक्षरांची संख्या नव्हे. तोंडाने उच्चारताना शब्दाचे किती ठोके पडतात ती संख्या. टाळी वाजवून मोजावे. ‘चीप’ : एक टाळी. ‘हेवी’ : दोन. ‘एक्स्पेन्सिव्ह’ : तीन. एका टाळीच्या शब्दाला बहुधा ‘अर’ आणि ‘एस्ट’ हे प्रत्यय लागतात : चीप, चीपर, चीपेस्ट. तीन व त्याहून अधिक टाळ्यांच्या शब्दापुढे ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ हे स्वतंत्र शब्द येतात : एक्स्पेन्सिव्ह, मोर एक्स्पेन्सिव्ह, मोस्ट एक्स्पेन्सिव्ह. येथल्या कापड बाजारात एखादी साडी दुसरीपेक्षा स्वस्त असेल तर ती ‘चीपर’, आणि महाग असेल तर ‘मोर एक्स्पेन्सिव्ह’. एकाच दुकानात, एकाच गादीवर, दोन्ही नियम शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

या ‘मोर’ शब्दाची एक गंमत येथल्या मुलांना सांगण्याजोगी आहे. मराठीत मोर म्हणजे पक्षी, छत्तीसगढीत ‘मोर’ म्हणजे ‘माझे’, आणि इंग्रजीत ‘मोर’ म्हणजे ‘अधिक’. तीन भाषांतले हे तीन मोर ज्या मुलाच्या डोक्यात एकत्र नांदतात, ते मूल भाषेच्या बाबतीत गरीब आहे असे कोण म्हणेल?

दोन टाळ्यांचे शब्द हा मधला, थोडा वादाचा प्रांत आहे. ज्यांच्या शेवटी ‘वाय’ हे अक्षर असून उच्चार ‘ई’ असा होतो ते शब्द प्रत्यय घेतात : हॅपी, हॅपियर, हॅपियेस्ट, ईझी, ईझियर, ईझियेस्ट. ‘सिंपल’, ‘नॅरो’ यांसारखे शब्दही प्रत्ययच घेतात. ‘क्लेव्हर’, ‘पोलाइट’, ‘कॉमन’ हे दोन्ही दरबारांत उभे राहतात. त्यांना प्रत्यय लावला तरी चालतो, ‘मोर’ लावला तरी चालतो. पण ‘केअरफुल’, ‘यूसलेस’, ‘फेमस’, ‘मॉडर्न’ हे मात्र ‘मोर’च मागतात. क्रियापदापासून बनलेल्या ‘टायर्ड’, ‘बोअरिंग’ अशा विशेषणांची रीतही तीच. संशय आल्यास दोन टाळ्यांच्या शब्दापुढे ‘मोर’ लावणे सुरक्षित. फक्त ‘वाय’ने संपणाऱ्या शब्दांना प्रत्ययाचा मान द्यावा.

लेखनाचे नियम तीनच आहेत. पहिला : शब्दाच्या शेवटी मुका ‘ई’ असेल तर दुसरा ‘ई’ घालू नये, ‘लार्ज’ला केवळ ‘आर’ आणि ‘एस-टी’ पुरते. दुसरा : शेवटच्या ‘वाय’पूर्वी व्यंजन असेल तर ‘वाय’चा ‘आय’ होतो, स्वर असेल तर होत नाही, म्हणून ‘ड्राय’, ‘हेवी’ बदलतात आणि राखाडी रंगाचा ‘ग्रे’ बदलत नाही. तिसरा नियम मुलांना सर्वांत अधिक अडतो. एका टाळीच्या शब्दात शेवटी एकच व्यंजन आणि त्यापूर्वी एकच स्वर असेल, तर ते व्यंजन दुप्पट लिहावे : ‘बिग’मधला ‘जी’, ‘हॉट’मधला ‘टी’, ‘थिन’मधला ‘एन’. ‘चीप’मध्ये दोन स्वर आहेत, म्हणून ‘पी’ एकच राहतो. ‘डब्ल्यू’ कधी दुप्पट होत नाही. ‘स्लो’, ‘न्यू’ यांना सरळ प्रत्यय लावावा. व्यंजन दुप्पट करण्यामागे कारण आहे. ते एकटे राहिले, तर इंग्रजी वाचणारा आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ वाचील. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ दाखविण्यासाठी वेलांट्या आहेत. इंग्रजीपाशी वेलांट्या नाहीत, म्हणून तिने व्यंजनाची जोडी उभी केली. असे सांगितले की नियम पाठ करावा लागत नाही; तो समजतो.

आता अनियमित रूपांकडे येऊ. ‘गुड, बेटर, बेस्ट’ आणि ‘बॅड, वर्स, वर्स्ट’ ही रूपे पाहून मुले विचारतात, ‘गुडर’ का नाही? या प्रश्नाला ‘इंग्रजी असेच आहे’ हे उत्तर देणे म्हणजे मुलाच्या जिज्ञासेवर दार लावणे होय. याचे खरे उत्तर आपल्याच घरात आहे. संस्कृतात ‘प्रशस्य’ म्हणजे चांगला. त्याहून चांगला तो ‘श्रेयस्’, आणि सर्वांत चांगला तो ‘श्रेष्ठ’. ‘प्रशस्य’ आणि ‘श्रेष्ठ’ यांत बाह्यतः काहीही साम्य नाही, जसे ‘गुड’ आणि ‘बेस्ट’ यांत नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात यासाठी स्वतंत्र सूत्र केले आणि तुलनेच्या प्रत्ययापूर्वी ‘प्रशस्य’च्या जागी ‘श्र’ हा आदेश सांगितला. तेथेच ‘वृद्ध’ शब्दापासून ‘ज्येष्ठ’ आणि ‘युवन्’ व ‘अल्प’ यांपासून ‘कनिष्ठ’ कसे होतात तेही सांगितले आहे. भाषेत जे शब्द सर्वांत अधिक वापरले जातात, त्यांची जुनी वेडीवाकडी रूपे टिकून राहतात. हे संस्कृतात झाले तसेच इंग्रजीत झाले.

नाते याहूनही खोल आहे. संस्कृतातला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत. ‘स्वादु’ आणि ‘स्वीट’ हे शब्दही एकाच मुळाचे. तेव्हा ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ हे दोन शब्द अक्षरशः चुलत भाऊ ठरतात. आपण आज त्याला ‘स्वादिष्ट’ असे लिहितो, आणि त्यातला ‘सर्वांत’ हा अर्थ विसरून ‘फार स्वादिष्ट’ असे सहज म्हणतो. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘वरिष्ठ’, ‘बलिष्ठ’, ‘पापिष्ठ’ हे सारे शब्द रूपाने तम-अवस्थेचे आहेत. ज्या मुलाला ‘पापिष्ठ’ शब्द ठाऊक आहे, त्याला ‘एस्ट’ प्रत्यय अपरिचित नाही. फक्त ओळख करून देणारा शिक्षक हवा.

या ओळखीमुळे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ‘मोस्ट टॉलेस्ट’ या चुकीला आपण हसतो. पण ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ हे शब्द आपण गौरवाने उच्चारतो, आणि त्यांत तमभाव दोनदा आला आहे हे आपल्या गावीही नसते. इंग्रजीतही हा दुहेरीपणा पूर्वी निषिद्ध नव्हता; शेक्सपियरच्या नाटकांत अशी दुहेरी रूपे आढळतात. त्यांच्यावर बंदी घातली ती अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी. 1762 साली रॉबर्ट लाउथ यांनी आणि 1795 साली लिंडले मरे यांनी आपापल्या व्याकरणांत त्यांना सदोष ठरविले. या मरे यांच्या व्याकरणाशी मराठीचाही संबंध आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे मरे यांच्या ग्रंथाचा आदर्श होता. म्हणजे इंग्रजी व्याकरणाने मराठीच्या व्याकरणाला मदत केल्याला जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. आता मराठीच्या व्याकरणाने इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला मदत करावी, ही परतफेड उचितच होय. मात्र आजच्या प्रमाण इंग्रजीत दुहेरी रूप अशुद्ध आहे, याविषयी मुलाच्या मनात संदेह राहू देऊ नये : ‘अर’ असेल तर ‘मोर’ नाही, ‘मोर’ असेल तर ‘अर’ नाही.

रूप शुद्ध झाले म्हणजे वाक्य शुद्ध झाले असे नाही. वाक्यरचनेत मराठी मुलाचा पाय जेथे घसरतो अशा काही जागा दाखवितो.

पहिली जागा ‘पेक्षा’ची. मुलाने ‘पेक्षा म्हणजे दॅन’ असे समीकरण पाठ केलेले असते, म्हणून ‘माझ्यापेक्षा सीनियर’ याचे तो ‘सीनियर दॅन मी’ असे करतो. परंतु ‘सीनियर’, ‘जूनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनमधून तुलनेचा प्रत्यय अंगावर घेऊनच इंग्रजीत आले, आणि त्यांच्यानंतर ‘टू’ येतो. त्यांच्या शेवटचा ‘इयर’ हा आपल्या ‘ईयस्’ प्रत्ययाचा नातलग. ‘गरीयसी’ या शब्दात तोच आहे. ‘प्रिफर’ या क्रियापदामागूनही ‘टू’च येतो : चहापेक्षा कॉफी आवडत असेल, तर ‘आय प्रिफर कॉफी टू टी’.

दुसरी जागा ‘खूप’ची. मराठीत ‘खूप मोठा’ म्हणतो आणि ‘त्याच्यापेक्षा खूप मोठा’ असेही म्हणतो. ‘खूप’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत साध्या विशेषणाला ‘वेरी’ आणि तर-अवस्थेला ‘मच’ : ‘वेरी गुड’, पण ‘मच बेटर’. ‘वेरी बेटर’ ही चूक येथूनच जन्मते.

तिसरी जागा ‘द’ची. मराठीत उपपद नाही, म्हणून मूल ‘ही इज टॉलेस्ट बॉय’ लिहिते. ‘सर्वांत’ म्हटले की तो एकच, ठरलेला. त्या ठरलेपणाची खूण म्हणून इंग्रजी ‘द’ मागते. मात्र ‘माझा’, ‘तिचा’ असा स्वामित्वदर्शक शब्द आला की ‘द’ आपली जागा सोडतो : ‘माय बेस्ट फ्रेंड’. त्यापुढे ‘वर्गात सर्वांत उंच’ आणि ‘तिघांत सर्वांत उंच’ यांतला ‘त’ एकच असला, तरी इंग्रजीत वर्ग, गाव, राज्य यांसाठी ‘इन’ आणि संख्येसाठी ‘ऑफ’ : ‘इन द क्लास’, ‘ऑफ द थ्री’. आणि दोघांचीच तुलना असेल तर काटेकोर लेखनात तर-अवस्थाच वापरावी. हाही भेद आपल्याला नवा नाही. दोघांत ‘तर’ आणि अनेकांत ‘तम’ ही वाटणी पाणिनीनेच करून ठेवली आहे.

चौथी जागा भावंडांची. ‘एल्डर’ हा शब्द कुटुंबातल्या थोरलेपणासाठी आहे आणि त्याच्यामागून ‘दॅन’ येत नाही. ‘माय एल्डर ब्रदर’ शुद्ध. पण ‘तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा’ हे सांगताना ‘ओल्डर दॅन’ म्हणावे. आपल्या ‘थोरला’ आणि ‘मोठा’ यांतही थोडासा असाच भेद आहे. ‘माझा थोरला भाऊ’ म्हणतो, पण ‘दुकान घरापेक्षा थोरले’ असे कोणी म्हणत नाही.

पाचवी जागा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तेथे मराठी अडवत नाही, उलट तारते. ‘वन ऑफ द बेस्ट स्टूडंट’ अशी चूक मोठमोठ्या भाषणांत ऐकू येते. ‘स्टूडंट’ अनेकवचनी हवा. मराठीत ‘उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ असेच आपण म्हणतो. ‘विद्यार्थ्यापैकी एक’ असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे ‘रायपूर छत्तीसगढमधील कोणत्याही शहरापेक्षा मोठे आहे’ हे वाक्य तर्कदृष्ट्या लंगडे आहे, कारण रायपूरही त्या शहरांतच मोडते आणि ते स्वतःहून मोठे असू शकत नाही. ‘इतर कोणत्याही’ म्हणावयास हवे, आणि इंग्रजीतही ‘एनी अदर’ हवे. तसेच ‘आमच्या शाळेचे मैदान त्या शाळेपेक्षा मोठे’ यात मैदानाची तुलना शाळेशी झाली. ती मैदानाशी हवी, म्हणून इंग्रजीत ‘दॅन दॅट ऑफ’ येते. मुलाने आधी स्वतःच्या भाषेत काटेकोर बोलावे. इंग्रजीतल्या निम्म्या चुका इकडेच दुरुस्त होतात.

माजी विद्यार्थ्यांना परीक्षेतला तो ठरीव प्रश्न आठवत असेल : ‘चेंज द डिग्री’. ‘राजू वर्गात सर्वांत उंच आहे’, ‘राजू वर्गातील इतर कोणत्याही मुलापेक्षा उंच आहे’, ‘वर्गातील इतर कोणताही मुलगा राजूइतका उंच नाही’. एकच आशय तीन साच्यांत ओतायचा. आपण हा प्रश्न एका-दोन गुणांसाठी यांत्रिकपणे सोडविला. परंतु त्यात विचाराचे मोठे शिक्षण दडलेले आहे. ‘राजू श्यामइतका उंच नाही’ म्हणजे राजू ठेंगणा आहे असे नव्हे. ‘राजू श्यामपेक्षा उंच आहे’ म्हणजे राजू उंच आहे असेही नव्हे. कदाचित दोघेही ठेंगणे असतील. तुलना वस्तूचा गुण सांगत नाही, दोन वस्तूंमधले अंतर सांगते. हे ज्याला उमगले त्याला तारतम्य आले. आणि ‘तारतम्य’ हा शब्दही या ‘तर’ आणि ‘तम’ प्रत्ययांपासूनच झाला आहे. विवेकाला आपल्या पूर्वजांनी जे नाव दिले, ते व्याकरणातल्या दोन प्रत्ययांवरून दिले, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

पालकहो, आता आपल्याशी दोन शब्द. मुलासाठी शाळा निवडताना आपण सर्वजण तुलना करतो, आणि ती केलीच पाहिजे. अलीकडे जाहिरातींच्या इंग्रजीत एक लकब रूढ झाली आहे : ‘बेटर’ म्हणायचे, ‘दॅन’ म्हणायचे नाही. अधिक शुभ्र, अधिक चांगले, अधिक उज्ज्वल. पण कशापेक्षा, हे अध्याहृत. शाळेच्या बाबतीतही ‘तिकडचे शिक्षण बेटर’ असे वाक्य कानी येते आणि आपण ते पुरे मानतो. मराठी माणसाने अशा वेळी आपल्या भाषेला स्मरून विचारावे : कशापेक्षा? कोणत्या गुणात? मुलाला विषय समजतो का, तो प्रश्न विचारतो का, जे लिहिले त्याचा अर्थ घरी येऊन सांगू शकतो का? ज्या भाषेत मूल स्वप्न पाहते त्या भाषेत समजलेला नियम, आणि न समजणाऱ्या भाषेत घोकलेला नियम, यांची तुलना करून पाहा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत, आणि इष्ट म्हणजे आठवीपर्यंत व त्यापुढेही, घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे.

मी इंग्रजीचे महत्त्व कमी लेखत नाही. इंग्रजी आलीच पाहिजे, आणि शुद्ध आली पाहिजे. ‘आमचे माध्यम मराठी, म्हणून आमचे इंग्रजी कच्चे’ ही सबब शाळेने देऊ नये, विद्यार्थ्याने देऊ नये आणि पालकांनी स्वीकारू नये. माझे म्हणणे एवढेच की मराठी हा इंग्रजीच्या वाटेतला धोंडा नव्हे. ती त्या वाटेची पहिली पायरी आहे, जर शिक्षकाने तिच्यावर पाय ठेवून वर चढण्यास शिकविले तर. ‘मोर बेटर’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर केवळ लाल फुली मारली, तर ते उद्या ‘मोस्ट बेस्ट’ लिहील. ‘तू मराठीचा नियम इथे लावलास, इंग्रजीचा नियम असा आहे’ असे सांगितले, तर त्याला दोन्ही भाषा कळतील आणि स्वतःच्या भाषेची लाजही वाटणार नाही.

या भूमीत मराठी ही काल आलेली पाहुणी नव्हे. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून येथला कारभार पाहू लागले, तेव्हापासून ती येथे आहे. आणि ती येथे नेहमीच इतर भाषांच्या शेजारी राहिली. पंडित माधवराव सप्रे यांचे उदाहरण आपल्या शहराला सांगावयास नको. मातृभाषा मराठी, कार्यक्षेत्र छत्तीसगढ. 1900 साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. मराठी पक्की होती म्हणून हिंदीची त्यांची सेवा उणी पडली नाही. उलट मराठीतले धन ते हिंदीला देऊ शकले. दोन भाषांपैकी एकीला मोठी करण्यासाठी दुसरीला लहान करावे लागत नाही, हे त्यांच्या जीवनाने दाखविले.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण आज अशा ठिकाणी आहेत, जेथे दिवसाचे कामकाज इंग्रजीतून चालते. आपण या शाळेत येऊन महिन्यातून एक तास इंग्रजीचा घ्यावा, आणि तो मराठीतून समजावून द्यावा. देणगीची गरज आहेच. पण पाचवीच्या वर्गात फळ्यापुढे उभे राहून ‘पेक्षा’ आणि ‘दॅन’ यांची भेट घडवून देणारा आपलाच एक जुना विद्यार्थी मुलांनी पाहिला, तर मराठी माध्यमातून इंग्रजी येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या डोळ्यांपुढे उभे असेल. मग ते भाषणांतून द्यावे लागणार नाही.

आपली शाळा इतर शाळांपेक्षा श्रेष्ठ आहे, असे मी आज म्हणणार नाही. हीरक महोत्सवात तसे म्हणण्याचा मोह होतो. पण साठ वर्षांच्या शाळेने तुलना करावी ती स्वतःच्या कालच्या रूपाशी. पन्नाशीच्या शाळेपेक्षा साठीची शाळा अधिक चांगली असावी, आणि पंच्याहत्तरीची साठीहून अधिक. त्या तर-अवस्थेला अंत नसावा, अशी शुभेच्छा व्यक्त करतो.